आडनावातले गाव

मनुष्याचे नाव घरची माणसे विचारपूर्वक आणि हौसेने ठेवतात. आडनाव मात्र त्याला न मागता मिळते. म्हणूनच की काय, नावाचा अर्थ आपण कौतुकाने सांगतो आणि आडनावाचा अर्थ कोणी विचारला तर गप्प होतो. पाटील, कुलकर्णी, जोशी, सुतार ही आडनावे इतकी परिचयाची असतात, की त्यांच्याविषयी प्रश्नच पडत नाही. प्रश्न पडतो तो दुर्मिळ आडनावाविषयी. ‘हे कुठले आडनाव? आपण मूळचे कुठले?’ असे लोक विचारतात. उत्तर ठाऊक नसले की पूर्वजांच्या पराक्रमाची किंवा सरदारकीची एखादी कथा सांगितली जाते. माझे मत याहून वेगळे आहे. दुर्मिळ आडनाव हे बहुधा घराण्याच्या मोठेपणाचे चिन्ह नसते. कोणीतरी, केव्हातरी आपले गाव सोडले, याची ती खूण असते. ही खूण ओळखली पाहिजे आणि जपलीही पाहिजे. मात्र तिच्या आधाराने माणसाची पारख करू नये.

हे विधान पटण्यासाठी बेंगळुरू शहरातील एक आडनाव पाहू. प्रकाश पडुकोणे यांचा जन्म १९५५ साली बेंगळुरूत झाला. १९८० साली त्यांनी ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धेत पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळवले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत. त्यांची कन्या दीपिका हिने चित्रपटांत काम करून हेच आडनाव घरोघर पोहोचवले. आज हे आडनाव कोट्यवधी लोकांच्या तोंडी आहे, परंतु ते लावणारी घरे थोडीच आहेत. नाव सर्वांना माहीत असणे आणि ते पुष्कळांचे असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे आडनाव मराठीत कसे लिहिले जाते, ते पाहण्यासारखे आहे. कोणी ‘पदुकोण’ लिहितो, कोणी ‘पडुकोण’, तर कोणी ‘पदुकोन’. कन्नडमध्ये मात्र ते ‘पडुकोणे’ असे लिहितात. हा गोंधळ का झाला? आपण ते आडनाव कन्नडमधून घेतले नाही, इंग्रजी अक्षरांतून घेतले. इंग्रजीत ‘द’ आणि ‘ड’ यांना एकच अक्षर आहे, तसेच ‘न’ आणि ‘ण’ यांनाही एकच. शब्दाच्या शेवटी आलेले ‘ए’ हे अक्षर इंग्रजीत अनेकदा उच्चारले जात नाही. म्हणून ते येथेही अनुच्चारित असावे, असे आपण गृहीत धरले. अशा रीतीने ‘ड’चा ‘द’ झाला आणि शेवटचा ‘णे’ तुटला.

ही केवळ शुद्धलेखनाची बाब नाही. ‘ड’चा ‘द’ होताच या आडनावाचा अर्थ सांगणारा धागाच तुटतो. कन्नडमध्ये ‘पडु’ म्हणजे पश्चिम. कर्नाटकाच्या किनारपट्टीवर हा शब्द गावांच्या नावांत आढळतो. पडुबिद्री आणि मूडबिद्री ही जोडी प्रसिद्ध आहे. ‘बिदिरु’ म्हणजे बांबू, ‘मूडु’ म्हणजे पूर्व आणि ‘पडु’ म्हणजे पश्चिम. ‘पडुकोणे’ हेही मुळात गावाचेच नाव आहे. उडुपी जिल्ह्यात, कुंदापूरच्या उत्तरेस, सौपर्णिका नदीच्या काठी हे लहानसे गाव आहे. म्हणजे आडनावाचा पूर्वार्ध आपल्याला दिशा सांगतो आणि पूर्ण आडनाव गावाचा पत्ता सांगते.

उत्तरार्धाविषयी मात्र सावध राहावे. मराठी माणसाला ‘कोणे’ या शब्दात ‘कोन’ म्हणजे कोपरा दिसेल, कन्नड माणसाला ‘कोणे’ म्हणजे खोली दिसेल. परंतु केवळ उच्चार जुळतो म्हणून अर्थ सिद्ध होत नाही. ‘गायकवाड’ या आडनावाचे उदाहरण घेऊ. एका पूर्वजाने संकटातील गाई आपल्या कवाडाआड घेऊन वाचवल्या, म्हणून ‘गायकवाड’, अशी कथा बडोद्याच्या राजघराण्याविषयी सांगितली जाते. कथा सुंदर आहे आणि तिच्यामागील भावनाही चांगली आहे. तरीही कथा आणि पुरावा यांत अंतर असते. पडुकोणे हे गाव नकाशावर दाखवता येते. कवाडाची कथा केवळ सांगता येते. आडनावाचा शोध घेताना आधी नकाशा आणि जुने कागद पाहावेत, मग कथा ऐकावी, हा क्रम मला योग्य वाटतो.

आता हे आडनाव दुर्मिळ का, याचा विचार करू. गावात राहणाऱ्या माणसाला गावाचे नाव लागत नाही. सगळेच तेथले असतील, तर त्या नावाने एकाला दुसऱ्यापासून वेगळे कसे ओळखणार? पुण्यात कोणाला ‘पुणेकर’ म्हणण्याचे कारण पडत नाही. पुण्याचा माणूस दुसऱ्या गावी जाऊन राहिला, की तो ‘पुणेकर’ होतो. म्हणजेच गावावरून आलेले आडनाव गावाबाहेर जन्म घेते. याउलट, व्यवसायावरून किंवा अधिकारपदावरून आलेली आडनावे ठिकठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण झाली. कुलकर्णी गावोगाव होते. पडुकोणे हे गाव एकच आहे. त्या लहान गावातून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जी मोजकी कुटुंबे बाहेर पडली, त्यांचेच हे आडनाव झाले. ते ज्या चित्रापूर सारस्वत समाजात आढळते, तो समाजही संख्येने लहान आहे. लहान गाव, लहान समाज आणि थोडी कुटुंबे, एवढेच या दुर्मिळतेचे कारण आहे. त्यात गूढ असे काही नाही.

गावाचे नाव आडनावात येण्याच्या रीतीही वेगवेगळ्या आहेत. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ जोडतात. कर्नाटकाच्या दक्षिण किनाऱ्यावर अनेकदा गावाचे नाव जसेच्या तसे लावतात. बेंगळुरूत दीर्घकाळ राहिलेले कन्नड नाटककार गिरीश कर्नाड (१९३८–२०१९) यांचे आडनाव मुल्कीजवळील कर्नाड या गावावरून आले. त्यांच्या आईचे माहेरचे आडनाव मंकीकर; मंकी हे गाव उत्तरेला, होन्नावर तालुक्यात आहे. एकाच घरात या दोन्ही रीती नांदत होत्या. गोव्यात तर एका व्यक्तीनेच गावाचे नाव धारण केल्याचे उदाहरण आहे. मास्टर दीनानाथांचे वडील मंगेशीच्या देवळातील अभिषेकाच्या सेवेमुळे ‘अभिषेकी’ म्हणून ओळखले जात. दीनानाथांनी मात्र आपल्या गावावरून ‘मंगेशकर’ हे आडनाव घेतले. ‘मंगेशकर’ हे आडनाव जगभर ऐकू गेले, त्यामागे एका माणसाची ही निवड होती.

जे आडनाव एका पिढीत जन्म घेऊ शकते, ते एका पिढीत नाहीसेही होऊ शकते. याचे उदाहरणही बेंगळुरूतच मिळते. ९ जुलै १९२५ रोजी या शहरात शिवशंकर पडुकोणे यांच्या घरी एक मुलगा जन्मला. त्याचे पहिले नाव वसंतकुमार होते. पुढे ते बदलून गुरुदत्त ठेवण्यात आले. त्याचे बालपण बरेचसे कोलकात्यात गेले. १९४४ साली तो पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत दाखल झाला. ‘प्यासा’ आणि ‘कागज के फूल’ हे चित्रपट निर्माण करणारे गुरुदत्त ते हेच. चित्रपटसृष्टीत त्यांनी आडनाव लावले नाही. ‘गुरुदत्त’ या एका नावाचे ‘गुरु’ आणि ‘दत्त’ असे दोन भाग पडले. ‘दत्त’ हे बंगालमधील परिचित आडनाव. शिवाय कोलकात्यातील बालपणामुळे त्यांना बंगाली उत्तम येत होते आणि पत्नी गीता बंगाली होत्या. त्यामुळे पुष्कळ लोक त्यांना बंगालीच समजले. पुढे त्यांच्या मुलांनी ‘दत्त’ हेच आडनाव म्हणून लावले. भाऊ आत्माराम आपल्या नावानेच ओळखले गेले आणि बहीण ललिता विवाहानंतर ‘लाजमी’ या आडनावाने चित्रकार म्हणून प्रसिद्ध झाल्या. एका घरातील तीन भावंडे तीन नावांनी जगापुढे आली. त्यांत ‘पडुकोणे’ कोठेच राहिले नाही.

बेंगळुरूतील मराठी घरांचीही कहाणी याहून फार निराळी नाही. या शहराचे मराठीशी नाते जुने आहे. शहाजीराजे १६३८ नंतर आदिलशाहीचे सरदार म्हणून येथे राहिले. त्या काळापासून अनेक मराठी कुटुंबे या भागात येत राहिली. १२ डिसेंबर १९५० रोजी अशाच एका मराठी कुटुंबात शिवाजीराव गायकवाड यांचा जन्म झाला. ते बेंगळुरूत बसवाहक होते. पुढे दिग्दर्शक के. बालचंदर यांनी त्यांना ‘रजनीकांत’ हे नाव दिले आणि १९७५ साली ते तमिळ पडद्यावर आले. आज त्यांच्या मुलींच्या नावांपुढे ‘रजनीकांत’ लागते, ‘गायकवाड’ नाही.

यात दक्षिणेकडील नामपद्धतीचाही वाटा आहे. तेथे गावाचे व वडिलांचे नाव स्वतःच्या नावाच्या आधी येते आणि बहुधा आद्याक्षरांपुरते उरते. थोर कन्नड कवी कुवेंपु यांचे टोपणनाव याची साक्ष देते. कुप्पळी हे गाव, वेंकटप्पा हे वडील आणि पुट्टप्पा हे स्वतः; तिन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून ‘कुवेंपु’ झाले. त्यांच्यासारख्या कवीने गावाचे अक्षर जपले. सामान्य माणसाचे गाव मात्र एका अक्षरात आक्रसते आणि ते अक्षर कशाचे होते, हे नातवंडांना सांगता येत नाही.

केवळ योगायोगानेही आडनावे नष्ट होतात. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७३ साली हा प्रश्न गणितज्ञांपुढे मांडला आणि हेन्री विल्यम वॉटसन यांनी त्याचे गणित मांडून दाखवले. आडनाव जर फक्त मुलांकडून पुढे जात असेल, तर ज्या घरात मुलगा नाही तेथे ते थांबते. हजारो घरांत असलेल्या आडनावाला याने धक्का बसत नाही. चार घरांत असलेले आडनाव मात्र दोन पिढ्यांत संपू शकते. आपल्या जनगणनेचे अहवाल आडनावांची कोष्टके देत नाहीत. त्यामुळे एखादे आडनाव संपले, तरी त्याची नोंद कोठे होत नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘संपू द्या. आडनावावरून जात कळते आणि जात कळली की भेदभाव सुरू होतो.’ हा आक्षेप खरा आणि गंभीर आहे. ज्यांनी विचारपूर्वक आडनाव सोडले, त्यांच्या निर्णयाचा मी आदर करतो. गुरुदत्त आणि रजनीकांत यांनी कलेसाठी वेगळे नाव स्वीकारले, यातही काही वावगे नाही. माझा आक्षेप आहे तो निष्काळजीपणामुळे होणाऱ्या लोपाला आणि घाईने काढलेल्या निष्कर्षांना. आडनाव ऐकून माणसाचा प्रांत, जात आणि योग्यता ठरवणारे लोक किती चुकतात, हे गुरुदत्तांच्या उदाहरणावरून दिसतेच. शिवाय एकच आडनाव असलेली दोन घरे एकाच रक्ताची असतात, असेही नाही. त्यांचे पूर्वज एका गावचे होते, एवढेच त्यावरून म्हणता येते. मग आडनावाचा गर्व कसला आणि त्याची लाज तरी कसली?

मोठेपणी शिक्षण पुन्हा सुरू करणाऱ्यांना या विषयाचे महत्त्व अधिक जाणवावे. प्रवेशअर्जावर आपण जे आडनाव लिहितो, तेच प्रमाणपत्रावर येते आणि तेच पुढे मुलांच्या कागदांवर उतरते. शिधापत्रिकेवर एक, मतदार ओळखपत्रावर दुसरे आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरे, अशी रूपे झाली तर कामे अडतात. अडचण एवढ्यावरच थांबत नाही. चुकीचे रूप तीन वेळा लिहिले गेले, की तेच खरे ठरते आणि त्यातले गाव हरवते. म्हणून आपले आडनाव प्रथम आपल्या लिपीत बरोबर लिहावे आणि मगच इंग्रजी अक्षरांत मांडावे. घरातील वडीलधाऱ्यांना मूळ गाव विचारावे. आजीचे माहेरचे आडनावही विचारावे, कारण स्त्रियांकडून पुढे जाणारी आठवण आडनावात उरत नाही. जे कळेल ते एका वहीत तारखेसह लिहून ठेवावे.

नदीकाठचे ते लहानसे गाव पाहिले नसलेल्या अनेक लोकांनी त्याचे नाव हजारदा उच्चारले आहे. आपल्याही आडनावात असे एखादे गाव दडलेले असेल. ते सांगू शकणारी माणसे घरात आहेत, तोवरच त्याची चौकशी करावी.