कुंपणाला करवंद

घर बांधून झालं की कुंपणाचा प्रश्न येतोच. पूर्वी बोराटीच्या काट्या रोवून भागायचं. आता तार ओढतात, नाहीतर सिमेंटची भिंत घालतात. भिंतीला पैसा लागतो, आणि उन्हाळ्यात ती दिवसभर तापून रात्री अंगणात धग सोडते. तार स्वस्त, पण तिला ना सावली ना फूल. कुंपण जिवंत झुडपांचं असावं, आणि आपल्या बीबी गावच्या हवेत त्यासाठी करवंदाइतकं गुणी झुडूप दुसरं नाही, असं माझं ठाम मत आहे.

थंड मुलखात हे काम फ्लॉवरिंग क्विन्स करतं. चीन-जपानकडचं हे काटेरी झुडूप. थंडी सरताना, पानं फुटायच्या आधीच त्याच्या उघड्या फांद्या लाल-गुलाबी फुलांनी भरतात. मागाहून येणाऱ्या कडक, आंबट फळांची जेली करतात. मोबाइलवर त्याचे फोटो पाहून कुणालाही मोह पडेल. पण नीट फुलायला त्याला बरेच आठवडे टिकणारी कडक थंडी लागते. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, आणि मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. रोप मागवलं तरी जगवणं कठीण.

काटे, फुलं आणि आंबट फळं हे तिन्ही गुण करवंदात आहेत, तेही आपल्या मातीतले. फांदी जवळून पाहा. काटे जोडीजोडीने येतात, काही टोकाशी दुभंगलेले असतात. म्हणून जनावर आत शिरायला धजत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर शेंड्यांना पांढऱ्या, किंचित गुलाबी झाक असलेल्या पाच पाकळ्यांच्या फुलांचे झुबके लागतात, जाईसारखा मंद वास येतो. पान तोडलं की दुधासारखा चीक येतो. बोटांना लागला तर गोडं तेल चोळून काढावा. कण्हेर, तगर, चाफा ही त्याचीच भावंडं, सगळी चीकवाली. पण कण्हेर विषारी, आणि करवंद मात्र लेकरांच्या हाती बिनधास्त द्यावं असं पिकलेलं फळ देतं.

आपल्या भारी काळ्या जमिनीत एकच काळजी घ्यायची: मुळाशी पाणी साचू द्यायचं नाही. खड्ड्यात मुरूम आणि शेणखत मिसळावं, कडेची माती थोडी उंच ठेवावी. दोन रोपांत दोन-अडीच फूट अंतर पुरे. रोप घरीच करायचं असेल तर पिकलेल्या फळातलं बी धुऊन लगेच पेरावं, कारण वाळवून ठेवलेलं बी लवकर निकामी होतं. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावं. पुढे झुडूप आपलं आपण तग धरतं.

छाटणीचं तंत्र मात्र सांभाळायला हवं. फुलं शेंड्यांना येतात, त्यामुळे दर महिन्याला कात्री चालवून कुंपण सरळसोट ठेवलं तर ना फूल दिसेल ना फळ. फळं उतरवून झाल्यावर, पावसाळ्यात एकदाच छाटावं. कच्ची हिरवी करवंदं लोणच्याला आणि चटणीला, पिकून काळी झालेली खायला. त्यांत पेक्टिन भरपूर, म्हणून जेलीही छान जमते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने मोठ्या फळाची ‘कोकण बोल्ड’ ही जात काढली आहे. म्हणजे रानमेवा म्हणून दुर्लक्षावं असं हे झाड नाही.

दाट, काटेरी झुडपात बुलबुलासारख्या पाखरांना घरट्याला आसरा मिळतो, तो फायदा वेगळाच. तेव्हा यंदा मृगाच्या सरी पडल्या की भिंतीचा खर्च करण्याआधी अंगणाची एक बाजू तरी करवंदाला द्या. आणि धुऱ्यावर जागा असेल तर तिथेही लावा.