जमिनीखालचा कालवा

कालव्यांचे शहर म्हटले की आमचे विद्यार्थी चटकन व्हेनिसचे नाव घेतात. पण असे एक शहर १९५६ पर्यंत आपल्याच हैदराबाद राज्यात होते : औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. फरक इतकाच, की तेथील कालवा जमिनीखालून वाहतो.

दिवाळीच्या सुटीत आम्ही उभयतां दोन दिवस तेथे जाऊन आलो. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली आणि पुढे 'नहर-ए-अंबरी' बांधून तिला पाणी दिले. हबशी गुलाम म्हणून दख्खनमध्ये आलेल्या या माणसाने पंप व वीज नसताना केवळ उताराच्या हिशेबावर डोंगराकडचे पाणी नगरात आणले. अठराव्या शतकात अशाच नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरू लागली.

आज नहरीचे कित्येक भाग फुटले, बुजले आहेत. घरोघरी नळ आले आणि तिची देखभाल करणारे कोणी उरले नाही, असे आम्हांस वाटते.

आपणही निराळे नाही. हुसेनसागरचे जादा पाणी मुसीकडे नेणारा नाला शेजारच्या अशोकनगरातून जातो. ऑगस्ट २००० चा पूर वडीलधाऱ्यांना आठवत असेल. नाल्यात टाकलेली पिशवी पावसाळ्यात पाणी आपल्याच दारी आणते.

म्हणून विश्वस्तांना व पालकांना विनंती, की यंदाची सहल पाणचक्कीला न्यावी. विद्यार्थ्यांनो, परतल्यावर आपल्या नाल्याचा नकाशा मात्र तुम्हीच काढायचा आहे.