आराखड्याचा धनी कोण?

शहराचे वातावरण सुधारणे हे तज्ज्ञांचे काम आहे, त्यात राजकारण्यांनी नाक खुपसू नये, असे मत आमच्या सुशिक्षित मंडळींत अलीकडे फार बळावले आहे. कार्बनचे हिशेब, उष्णतेचे नकाशे, विजेची गणिते नगरसेवकांना काय कळणार? एखादा कर्तबगार अधिकारी नेमा, त्याला मोकळा हात द्या, की काम फत्ते! हे मत ऐकायला मोठे शहाणपणाचे वाटते. मला ते साफ चुकीचे वाटते. आणि ते चुकीचे का, हे दाखवण्यासाठी दूर जायला नको. मुंबईने हा प्रयोग जवळजवळ चार वर्षे करून पाहिला आहे.

नुसत्या तारखा पाहा. मुंबई महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत 7 मार्च 2022 रोजी संपली. मुंबई वातावरण कृती आराखडा जाहीर झाला 13 मार्च 2022 रोजी. म्हणजे घरातली माणसे निघून गेली आणि मागाहून मूल जन्माला आले! सटवीने त्याच्या कपाळी काय लिहिले असेल ते निराळे सांगायला नको. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी असे राज्यघटना सांगते. ती झाली जानेवारी 2026 मध्ये. मधल्या काळात सभागृहाचे आणि स्थायी समितीचे अधिकार आयुक्तांकडेच प्रशासक म्हणून होते. प्रस्ताव मांडायचा त्यांनीच आणि मंजूर करायचा तोही त्यांनीच. मागणारा आणि देणारा एकच असला म्हणजे भांडण होत नाही, हे खरे. परंतु विचारपूसही होत नाही.

आराखडा वाईट आहे असे मी म्हणत नाही. तो अभ्यासाने केलेला आहे. देशाने 2070 साल धरले असता मुंबईने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी 2050 साल धरले. 2019 च्या तुलनेत 2030 पर्यंत 30 टक्के घट करू असेही म्हटले. शहराच्या उत्सर्जनात सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा इमारतींत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा, मुख्यतः विजेचा, आणि सुमारे पंचमांश वाटा वाहतुकीचा, असे निदान त्यात आहे. निदान बरोबर आहे. प्रश्न आहे तो औषध कोण देणार आणि रोगी बरा झाला नाही तर जबाब कोणाला विचारायचा, हा.

मौज अशी की या दोन्ही दुखण्यांवरचे औषध मुंबईच्या घरातच आहे. 1947 साली पालिकेने वीज आणि वाहतूक पुरवणारी खाजगी कंपनी विकत घेतली. तीच आपली बेस्ट. ती शहर भागात वीज वितरित करते आणि साऱ्या मुंबईत बस चालवते. वीज आणि बस या दोन्ही गोष्टी एकाच लोकनियुक्त संस्थेच्या हाताखाली असणे हे केवढे भाग्य! वीज कोळशाची घ्यावी की उन्हावाऱ्याची, गाड्या किती ठेवाव्या, भाडे किती घ्यावे, यांवर उघड वाद घालण्यासाठी बेस्ट समिती होती. सभागृह गेले तेव्हा तीही गेली.

मग काय झाले? एके काळी चार हजारांवर गाड्या बाळगणाऱ्या या उपक्रमाच्या स्वतःच्या गाड्या 2025 साली काही शेकड्यांवर आल्या, उरलेल्या कंत्राटदारांच्या. त्यांतल्या पुष्कळ विजेवर चालतात, ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु थांब्यावर अर्धा तास बस आलीच नाही, तर ती विजेवर चालते याचे समाधान उभ्या असलेल्या माणसाला कसे वाटावे? आणि 9 मे 2025 पासून साध्या बसचे किमान भाडे 5 रुपयांवरून एकदम 10 रुपये झाले. तोटा होता, हे मला मान्य आहे. पण उत्सर्जन कमी करण्याचे वचन देणाऱ्या शहरात गरिबाच्या बसचे भाडे दुप्पट होते, आणि त्यावर हात वर करून 'नाही' म्हणणारा एकही निवडून आलेला माणूस पालिकेत नसतो, याला कारभार म्हणावे काय?

येथे कोणी मला अडवील. म्हणेल, सुमारे 14,000 कोटी रुपयांचा सागरी किनारा मार्ग याच पालिकेने बांधला, आणि त्याचे काम सुरू झाले तेव्हा सभागृह भरलेले होते. मोटारवाल्यांसाठी बांधलेल्या, दुचाकीलाही मज्जाव असलेल्या त्या रस्त्याला तुमच्या नगरसेवकांनी कुठे अडवले? आक्षेप योग्य आहे. नगरसेवक चुकतात, कंत्राटांत रमतात. परंतु चुकलेल्या नगरसेवकाच्या दारात आपण जाऊ शकतो आणि पाच वर्षांनी त्याला घरी बसवू शकतो. चुकलेल्या अधिकाऱ्याची बदली होते. त्याच्याबरोबर त्याचे उत्तरही बदलून जाते. 2050 साली आजचा एकही अधिकारी त्या खुर्चीवर नसेल. वस्तीतली माणसे मात्र असतील, आणि मानखुर्द-गोवंडीच्या पत्र्याखाली त्यांना आजच्याहून अधिक उकडत असेल.

ओस्लो शहराने 2016 साली हवामान अर्थसंकल्प मांडण्याची प्रथा पाडली. तेथे पैशांच्या अंदाजपत्रकाबरोबर उत्सर्जनाचाही हिशेब नगरपरिषदेपुढे येतो आणि निवडून आलेले सभासद त्यावर चर्चा करतात. मुंबईने 2024 साली ती प्रथा उचलली, अहवाल छापला. चर्चा मात्र उचलता आली नाही, कारण चर्चा करणारे सभागृहच नव्हते. देव्हारा आणला, देव तिकडेच राहिला.

आता सभागृह परत आले आहे. 1888 च्या कायद्याप्रमाणे कार्यकारी सत्ता राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडेच आहे आणि महापौरांच्या हाती मान फार, अधिकार थोडा. तो कायदा बदलेल तेव्हा बदलो. पण हिशेब मागण्याचा सभागृहाचा अधिकार कोणी काढून घेतलेला नाही. दर वर्षी आराखड्याचा हिशेब उघड सभेत मांडायला लावावा. प्रत्येक प्रभाग समितीपुढे तिच्या वाट्याची झाडे, नाले, कचरा आणि बसथांबे यांची यादी ठेवावी. आणि बेस्टची वीज आणि बस हा आराखड्याचा गाभा मानून तिच्यासाठी अंदाजपत्रकात पैसा ठेवावा. हे न करता जो नगरसेवक पर्यावरणदिनी रोप हातात धरून छायाचित्र काढून घेईल, त्याला मतदारांनी एवढेच विचारावे: "साहेब, रोप राहू द्या; आमच्या थांब्यावरची बस कुठे आहे?"