पोथी, पाठभेद आणि संगणकातील ग्रंथालय

संगणकावरील खेळांविषयी साहित्याचा अध्यापक लिहू लागला की त्याचा सूर बहुधा तक्रारीचा असतो. मुले वाचत नाहीत, खेळतात, हा त्या तक्रारीचा सारांश. प्रस्तुत लेखाचे म्हणणे निराळे आहे. खेळणारी मुले वाचतातही. आणि काही खेळांत ती जे वाचतात त्यातून जुन्या ग्रंथाविषयीची अशी एक जाण त्यांना येते, जी मराठीच्या वर्गात आपण त्यांना क्वचितच देतो. जुना ग्रंथ आपल्यापर्यंत जसाच्या तसा पोहोचलेला नसतो. तो कोणीतरी जपलेला, कोणीतरी बदललेला, कोणीतरी दडवलेला असतो. ही जाण म्हणजेच पाठचिकित्सेचा पहिला धडा. तो आज संगणकाच्या पडद्यावर शिकवला जातो आणि फळ्यावर शिकवला जात नाही, ही गोष्ट आपण गंभीरपणे घ्यायला हवी असे आम्हांला वाटते.

उदाहरणासाठी एकच मालिका घेऊ. एका पात्राची भूमिका स्वीकारून अद्भुत जगात वावरण्याचे जे खेळ असतात, ज्यांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात, त्यांत बेथेस्डा या अमेरिकन कंपनीची ‘द एल्डर स्क्रोल्स’ ही मालिका प्रसिद्ध आहे. १९९४ मध्ये ती सुरू झाली. ‘डॅगरफॉल’ (१९९६), ‘मॉरोविंड’ (२००२), ‘ऑब्लिव्हियन’ (२००६) आणि ‘स्कायरिम’ (२०११) हे तिचे पुढचे टप्पे. या जगात घरोघरी, देवळांत, भुयारांत पुस्तके ठेवलेली असतात आणि ती उघडून वाचता येतात. इतिहास, चरित्रे, धर्मग्रंथ, नाटके, पाककृतीसुद्धा. खेळ पुढे नेण्यासाठी यांतील बहुतेक पुस्तकांची गरज नसते. तरीही ती लिहिली गेली आहेत, आणि एका खेळातील पुस्तके पुढच्या खेळात पुन्हा भेटतात. ‘ऑब्लिव्हियन’ आणि ‘स्कायरिम’ यांच्या कथांमध्ये दोनशे वर्षांचे अंतर आहे. तेवढा काळ ओलांडून ती त्या जगात टिकलेली असतात.

साहित्याच्या अभ्यासकाने थांबावे असा मुद्दा याच्या पुढचा आहे. ही पुस्तके एकमेकांशी सहमत नसतात. ‘मॉरोविंड’मध्ये नेरेवार नावाच्या एका प्राचीन वीराच्या मृत्यूची हकीकत वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी येते. धर्मपीठाची अधिकृत कथा एक सांगते. भटक्या टोळ्यांची मौखिक परंपरा सांगते की त्याच्याच सोबत्यांनी त्याचा घात केला, आणि पुढे तेच देव होऊन बसले. ही दुसरी हकीकत धर्मपीठाने गुप्त ठेवलेली असते आणि बंडखोर पुरोहितांनी जपलेली असते. खरे काय, हे खेळ शेवटपर्यंत निर्णायकपणे सांगत नाही. त्याच जगात बॅरेन्झिया नावाच्या राणीची दोन चरित्रे आहेत : एक दरबारी, सोज्वळ, दुसरे निनावी आणि अडचणीचे. खेळणाऱ्याने दोन्ही वाचावीत आणि कोण, कोणासाठी, का लिहितो आहे याचा विचार करावा, अशी ही योजना आहे.

ही युक्ती खेळ रचणाऱ्यांना आभाळातून सापडलेली नाही. तिचा एक सरळ धागा जे. आर. आर. टॉल्किन यांच्यापर्यंत जातो. टॉल्किन हे ऑक्सफर्डमधले जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक. हस्तलिखिते आणि भाषाशास्त्र हा त्यांचा रोजचा व्यवसाय. त्यांची ‘द हॉबिट’ ही कादंबरी १९३७ मध्ये आली. तीत गॉलम हा प्राणी पैजेचे बक्षीस म्हणून आपली अंगठी द्यायला राजी असतो. पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना ही घटना अडचणीची ठरली, म्हणून १९५१ च्या दुसऱ्या आवृत्तीत टॉल्किन यांनी ते प्रकरण बदलले. मात्र जुना पाठ त्यांनी गुपचूप गाडून टाकला नाही. बिल्बोने आपल्या आठवणींत आधी जे लिहिले ते खोटे होते आणि खरी हकीकत नंतर उघड झाली, असा खुलासा त्यांनी १९५४ पासून प्रसिद्ध झालेल्या त्या मोठ्या कादंबरीत केला. दोन आवृत्त्यांतला फरक त्यांनी कथेतल्याच एका हस्तलिखिताचा पाठभेद करून टाकला. हे पाठचिकित्सकालाच सुचावे. आजच्या खेळांतील परस्परविरोधी पुस्तके ही या विद्येचीच दूरची संतती आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचे अहमदनगर, हा जिल्हा मराठी ग्रंथांच्या जन्माचा आणि जपणुकीचा जिल्हा आहे. प्रवरेकाठच्या नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, हे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. मात्र सच्चिदानंदबाबांच्या हातची ती पोथी आज कोठेही नाही, हे त्याला कोणी सांगत नाही. पुढची जवळजवळ तीनशे वर्षे ग्रंथ हातोहात उतरला गेला आणि मुखोमुखी म्हटला गेला. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, पैठणला एकनाथांनी तो शुद्ध करण्याचे काम हाती घेतले, याचे कारणच हे की मूळचा शुद्ध ग्रंथ पाठांतरामुळे बिघडला आहे अशी त्यांची खात्री झाली होती. एकनाथ संत होते म्हणून आपण त्यांना नमस्कार करतो; ते मराठीचे आद्य संपादक होते, हे मात्र तितक्या आवर्जून शिकवत नाही. पुढे वि. का. राजवाडे यांना बीडला एक पोथी मिळाली. एकनाथपूर्व संहिता म्हणून त्यांनी ती १९०९ मध्ये छापली आणि मोठा वाद झाला. ती मूळ पोथी नंतर उपलब्ध राहिली नाही. म्हणजे जिच्या आधारे वाद व्हायचा तिचीच छापील सावली तेवढी आपल्या हाती आहे. एखाद्या खेळाच्या लेखकाने अशी कथा रचली असती तर आपण तिला कल्पक म्हटले असते.

दुसरे उदाहरण याहूनही बोलके आहे. ‘लीळाचरित्रा’चा कर्ता म्हाइंभट हा याच जिल्ह्यातील सराळ्याचा. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, चक्रधरांच्या पश्चात, ज्यांनी ज्यांनी चक्रधरांना पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन त्याने आठवणी गोळा केल्या आणि रिद्धपूरला ग्रंथ सिद्ध केला. पंथाची परंपरा सांगते की खलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि अनुयायांनी आपापल्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. साहजिकच पाठ अनेक झाले : हिराइसेचा, परशरामबासाचा, रामेश्वरबासाचा. या मंडळींनी एक पाठ निवडून बाकीचे पुसले नाहीत. अमक्याचा ‘शोध’, तमक्याची ‘वासना’ अशा खुणा करून वेगळे स्मरण त्यांनी पोथीतच नोंदवले. श्रद्धा आणि चिकित्सा एकत्र नांदू शकत नाहीत असे मानणाऱ्यांनी या पोथ्या एकदा उघडून पाहाव्यात. ज्यांच्यासाठी त्या ग्रंथातला शब्द देवाच्या मुखातला होता, त्यांनीच ‘येथे दुसऱ्याला वेगळे आठवते’ हे लिहून ठेवण्याचा प्रामाणिकपणा दाखवला. पुढे हेच वाङ्मय सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त झाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांचा उलगडा होईपर्यंत पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला जवळजवळ अज्ञात राहिले. मराठीतील हे आद्य चरित्र सहा शतके महाराष्ट्रातच होते आणि तरी ते महाराष्ट्राला ठाऊक नव्हते.

तिसरे उदाहरण नगर शहराचे, आणि ते मराठी नव्हे तर फारसी ग्रंथाचे. हुसेन निजामशहाच्या स्तुतीपर ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे आफ्ताबी नावाच्या कवीचे सचित्र काव्य आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यात सुलतानाइतकेच स्थान त्याच्या राणीला, चांदबिबीची आई खुंझा हुमायून हिला, मिळाले होते. १५६५ मध्ये हुसेन वारला, तिने मुलाच्या नावाने कारभार पाहिला, आणि १५६९ मध्ये ती सत्तेवरून दूर होऊन कैदेत गेली. त्यानंतर केव्हातरी या पोथीतील बहुतेक चित्रांतून तिची आकृती रंग फासून पुसण्यात आली. सिंहासनावर राजाशेजारी आज एक डाग बसलेला दिसतो. बॅरेन्झियाची दोन चरित्रे वाचलेल्या विद्यार्थ्याला हा डाग दाखवला तर त्याचा अर्थ त्याला फार समजावून सांगावा लागणार नाही.

याचा अर्थ खेळातले ग्रंथालय आणि आपली पोथीशाळा एकच, असा मात्र नाही. खेळातल्या पुस्तकांचे वय सांगितलेले असते, ते भोगलेले नसते. ‘स्कायरिम’मध्ये एका पुस्तकाच्या शंभर प्रती सापडल्या तरी शंभरही अक्षरशः एकसारख्या असतात. कोठे ओळ सुटलेली नाही, कोठे समासातली टीप संहितेत शिरलेली नाही. शतके लोटली तरी भाषा जिथल्या तिथे. ‘मॉरोविंड’मध्ये एका लुप्त झालेल्या जमातीची पुस्तके कोणालाच वाचता येत नाहीत आणि एका द्वैभाषिक ग्रंथाच्या साहाय्याने त्यांचा अर्थ लावावा लागतो, हा सुंदर अपवाद. एरवी तिथे पुस्तके आपोआप टिकतात, कारण ती टिकवणारे कोणी दाखवावे लागत नाही.

आपल्याकडे ती आपोआप टिकली नाहीत. जुना लेखनिक पोथीच्या शेवटी आपल्या मोडलेल्या पाठीचा आणि वाकलेल्या मानेचा उल्लेख करतो, आणि ही पोथी तेलापासून, पाण्यापासून जपा अशी विनवणी करतो. ज्ञानेश्वरी टिकली ती पारायण करणाऱ्यांमुळे, कीर्तनकारांमुळे, घरी प्रत असावी म्हणून ती उतरवून घेणाऱ्यांमुळे. लीळाचरित्र टिकले ते म्हाताऱ्या अनुयायांच्या स्मरणशक्तीवर. या माणसांनीच चुका केल्या, या माणसांनीच भर घातली. आणि या माणसांमुळेच ग्रंथ उरला. चूक आणि जपणूक ही एकाच हाताची कामे आहेत. खेळ पहिली गोष्ट शिकवतो, की ग्रंथावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. दुसरी गोष्ट, की तरीही ज्याने तो आपल्यापर्यंत आणला त्याचे आपण ऋणी असतो, ती खेळात नाही. ती शिकवणे हे अध्यापकाचे काम आहे.

आणि इथेच आपण कमी पडतो आहोत. आमच्या पाहण्यातील वर्गांत ज्ञानेश्वरीचा एक अध्याय ‘नेमलेला’ असतो. त्याची एक छापील संहिता असते, तिच्यावर प्रश्न असतात आणि प्रश्नांची तयार उत्तरे असतात. ओवीखालचे पाठभेद परीक्षेला येत नाहीत, म्हणून ते वाचले जात नाहीत. त्यावर असे सांगितले जाते की मुलांना जुनी मराठी एका पाठात कळत नाही, तिथे दोन पाठ देऊन गोंधळ कशाला वाढवायचा? आमचे उत्तर असे की कंटाळा त्या एकाच पाठाचा येतो. दोन साक्षीदार समोरासमोर उभे केले की वाचणारा आपोआप जागा होतो. दोन परस्परविरोधी पुस्तके पुढे ठेवून खेळ नेमके हेच साधतो. दुसरा आक्षेप श्रद्धेचा. पाठभेद दाखवले तर ग्रंथाचे पावित्र्य कमी होईल, असे ज्यांना वाटते त्यांना एकनाथांचे नाव पुरेसे असावे.

त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. एका तासाला एकच लीळा दोन पाठांत द्यावी आणि विचारावे : काय वेगळे आहे, कोणाला काय आठवले, कोणाला ते आठवायला हवे होते? एक ओवी रूढ प्रतीतून आणि राजवाडे प्रतीतून द्यावी. नेवाशाची सहल पैस खांबाच्या दर्शनावर संपवू नये. तिथे जे लिहिले गेले ते कोणकोणत्या हातांनी इथवर आले, ही चर्चा त्याच आवारात व्हावी. आणि ज्या मुलांना नेरेवारच्या मृत्यूच्या सगळ्या हकीकती तोंडपाठ आहेत त्यांना या चर्चेत पुढे बसवावे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा पुराणकथांवरचा खेळ जगापुढे आणला, आणि त्यातल्या पुराणकथा भिंतीवरच्या चित्रांतून उलगडतात. उद्या आपल्याच विद्यार्थ्यांपैकी कोणी सकळ लिपीतली पोथी अशा एखाद्या खेळात ठेवली तर आम्हांला आनंदच होईल. पण त्याआधी ती पोथी त्याने पाहिलेली असायला हवी.

हा प्रश्न केवळ अध्यापनाच्या रंजकतेचा नाही. मठांत, वाड्यांत, माळ्यांवर अजून पोथ्या आहेत. जुनी मराठी आणि जुन्या लिप्या वाचणाऱ्यांची संख्या मात्र तितकी नाही. वाळवी पोथी खाते हे सर्वांना दिसते. वाचणारा उरला नाही तर शाबूत पोथीही गेल्यातच जमा असते, हे सहसा दिसत नाही. खेळातले पुस्तक कोणी उघडले नाही तरी फळीवर तसेच राहते. आपल्या पुस्तकांना ती सोय नाही.