सुख मानवलंय

आमच्याकडं लग्नात बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाचं पोट पुढं आलेलं दिसलं, की कुणीतरी पाठीवर थाप मारून म्हणतंच, ‘सुख मानवलंय पाव्हणं!’ त्यात टोमणा थोडा आणि कौतुक जास्त. नगरसारख्या दुष्काळी जिल्ह्याला हे कौतुक शोभतं. १९७२ साली दुष्काळी कामावर खडी फोडून, मदतीची सुकडी आणि मिलो ज्वारी खाऊन ज्यांनी दिवस काढले, त्यांना नातू गुबगुबीत दिसला की बरं वाटणारच.

हल्ली जाडीचं सगळं खापर पिझ्झा-बर्गरवर फुटतं. नैरोबी, लागोसपासून पुण्यापर्यंतचा नवा मध्यमवर्ग गोऱ्यांसारखा खायला लागला आणि फुगला, असं सांगतात. मला ते अर्धंच पटतं. शेवगाव-पाथर्डीत पिझ्झा खाणारे असे कितीसे? इथली पोटं सुटली ती घरच्याच गोष्टींनी. मोट जाऊन मोटार आली, ती आता मोबाइलवरून चालू होते. बांधापर्यंत जायलाही गाडी लागते. रेशनवर गहू-तांदूळ आले, ज्वारीच्या रानात ऊस आणि कांदा शिरला. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा केला, १९५० सरता सरता त्याचं गाळप सुरू झालं आणि मग जिल्हाभर कारखाने झाले. सभासदाच्या घरी सवलतीची साखर येते. अशा घरात पाहुण्याला फिका चहा कोण देईल?

गंमत अशी, की राहुरीचं कृषी विद्यापीठ ‘फुले वसुधा’, ‘फुले रेवती’ असे रब्बी ज्वारीचे वाण काढतं आणि ढाब्यावर भाकरी चपातीपेक्षा महाग मिळते. आजीच्या ताटातलं रोजचं अन्न नातू पैसे मोजून हुरडा पार्टीत खातो, वर गुलाबजामही घेतो.

जाडीच्या या गोष्टीत एक खोच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन सारखंच, निर्देशांक २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळंही याज्ञिकांच्या पथकानं तपासली. इंग्लंडच्या बाळांपेक्षा ती वजनानं बरीच हलकी, पण हाडामांसाच्या मानानं चरबी राखून असलेली. म्हणजे आपला काटकुळा माणूसही आतून जाड असू शकतो. म्हणून नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नये, कंबरेला टेप लावावी. पुरुषाची नव्वद सेंटिमीटरच्या पुढं, बाईची ऐंशीच्या पुढं गेली की डॉक्टर गाठावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या जवळपास चौथ्या हिश्शाच्या बायका आणि पुरुष जास्त वजनाचे निघाले. तिथं कंबरही मोजली होती, आणि कंबर वाढलेल्या बायकांचा आकडा तर आणखी मोठा आला.

डॉक्टर सांगतात, चाला. नगरात भुईकोट किल्ल्याभोवती किंवा सावेडीच्या रस्त्यांवर ते जमतं. खेड्यात पुरुष सकाळी पारावर बसतात, आणि बाई रिकाम्या हातानं रस्त्याला लागली की तीन घरं विचारतात, ‘कुठं निघालीस गं?’ म्हणून आमच्या ओळखीच्या एक काकू दुधाची किटली घेऊन निघतात. डेअरी जवळच आहे, पण त्या लांबच्या वाटेनं जातात. किटलीत दूध असतंच असं नाही.