पूर आला तर मनोरुग्णाचे काय?

गोदावरीला पूर आला की अंबड, घनसावंगी, परतूर तालुक्यांतील नदीकाठच्या गावांचा जीव टांगणीला लागतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्याने हे पुन्हा अनुभवले. अशा वेळी म्हातारी माणसे, बाळंतिणी, गुरेढोरे यांची आठवण सर्वांना होते. घरातला मनोरुग्ण मात्र कोणाच्याच यादीत नसतो.

२०११ साली जपानमध्ये त्सुनामीनंतर फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला. जवळच्या फुताबा मनोरुग्णालयातील चालते-फिरते रुग्ण आधी हलवले गेले. अंथरुणाला खिळलेले वृद्ध मागे राहिले. नंतर त्यांना बसमधून तासन् तास प्रवास घडला. चाळीसच्या आसपास रुग्ण दगावले. त्यांचा बळी किरणोत्साराने नव्हे, तयारीविना केलेल्या स्थलांतराने घेतला.

आपल्याकडे तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण प्राणाला मुकले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधण्यास बंदी केली आहे.

ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. जालन्यासाठी २०२२ साली ३६५ खाटांच्या मनोरुग्णालयाला मंजुरी मिळाली. आमचे म्हणणे एवढेच, की इमारतीच्या आराखड्याबरोबर रुग्ण हलवण्याचा आराखडाही असावा. कुलपांच्या किल्ल्या कोणाकडे, रुग्ण न्यायचे कोठे, सोबत ओळखीचा कर्मचारी कोण, मनगटावर नाव व औषधाची पट्टी कोण बांधणार, हे आधीच ठरले पाहिजे. वर्षातून एकदा त्याचा सरावही व्हावा.

वाचकहो, घरी रुग्ण असेल तर निदान आठवडाभराची औषधे व डॉक्टरांची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत तयार ठेवा. औषध एकाएकी बंद पडले तर आजार उलटतो, फिट येणाऱ्याला झटके येतात. लिथियम घेणाऱ्याला पिण्याचे पाणी कमी पडू देऊ नका. गाव शाळेत हलवले तर रुग्णाला शांत कोपरा द्या, घरचे माणूस जवळ ठेवा. कोठे व कशासाठी जायचे ते थोडक्यात, पुन्हा पुन्हा सांगा. दटावू नका, बांधू नका. सल्ल्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

सरपंच, पोलीस पाटील व आशाताईंनी पावसाळ्यापूर्वी अशा घरांची नोंद, घरच्यांच्या संमतीने आणि वाच्यता न करता, करून ठेवावी. पाणी दारात आल्यावर यादी करायला वेळ मिळत नाही.