डूडल पुरे, आखाडा द्या!

४ मे २०२४ रोजी गूगलने आपल्या पानावर एका पहिलवान स्त्रीचे चित्र झळकविले आणि चारकोपपासून चेन्नईपर्यंत लक्षावधी भारतीयांना हमीदा बानू हे नाव प्रथमच कळले. लागलीच आपल्याकडील पुरोगामी लेखण्या सरसावल्या. पुरुषप्रधान समाजाने एका पराक्रमी स्त्रीला कसे विस्मृतीत लोटले, यावर मोठा गहिवर काढण्यात आला. आठवडा उलटला, चित्र बदलले आणि गहिवरही ओसरला. हमीदेने ज्या कल्याणात आयुष्याची अखेर काढली, तेथील मुली आज कोठे सराव करतात, हे विचारावेसे किती जणांना वाटले?

हमीदा मुसलमान होती, म्हणून आमच्यासारख्यांना तिचे कौतुक नसणार, असे गृहीत धरणाऱ्यांची थोडी निराशा करावी लागेल. आखाड्यातील लाल माती अंगाला लागताना कोणाचा धर्म विचारीत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. एवढी अफाट ताकद अंगी असलेल्या स्त्रीला आखाडा मिळाला की तिचा केवळ खेळ मांडला गेला?

तिची कारकीर्दच पाहा. अलिगढला तालीम घेतलेल्या, सव्वापाच फूट उंचीच्या आणि शंभर किलोंहून अधिक वजनाच्या या स्त्रीशी लढायला त्या काळी दुसरी स्त्री सहसा मिळत नसे. म्हणून ती पुरुषांना आव्हान देई. जो मला हरवील त्याच्याशी मी लग्न करीन, अशी तिची जाहिरात झाली. १९४४ साली मुंबईत गुंगा पहिलवानाशी तिची लढत ठरली, तेव्हा हजारो प्रेक्षक लोटले. ऐनवेळी कुस्ती रद्द झाली आणि चिडलेल्या गर्दीने मोडतोड केली. १९५४ साली बडोद्यात बाबा पहिलवानाला तिने अवघ्या १ मिनिट ३४ सेकंदांत आसमान दाखविले. त्याच वर्षी मुंबईत रशियाच्या व्हेरा चिस्टिलिन हिला तिने मिनिटभरही टिकू दिले नाही.

आणि महाराष्ट्राने तिला काय दिले? पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती राष्ट्रीय तालीम संघाच्या विरोधामुळे होऊ शकली नाही. एका ठिकाणी तर पुरुषाला हरविल्याबद्दल तिला प्रेक्षकांचे दगड खावे लागले. तिने मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. उत्तर आले की, स्त्री म्हणून तिला मज्जाव नाही. संयोजक तिच्यापुढे नकली प्रतिस्पर्धी उभे करतात, अशा तक्रारी आहेत.

हे उत्तर नीट वाचावे. नकली मल्ल उभे करणारा दोषी कोण? संयोजक! मग शिक्षा कोणाला? मल्लाला! तिच्या कुस्त्या खऱ्या की नूरा, याचा निवाडा करण्याचा सरळ मार्ग एकच होता. तिला चोख पंच, समान वजनाची प्रतिस्पर्धी आणि अधिकृत मैदान द्यायचे. ते द्यायला ना सरकार पुढे आले, ना तालमी. ठेकेदाराला मात्र तिकिटे खपवायची होती. त्याने तिच्या बळाची किंमत केली नाही. तिच्या नवलाची केली.

तिकिटावरच्या कुस्त्या त्या काळी पुरुषही लढत. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या झुंजींना मुंबईकर गर्दी करीत, आणि त्यातील किती ठरवून होतात याची कुजबुजही चाले. परंतु दारासिंगांची प्रतिष्ठा त्यामुळे उणावली नाही. ते चित्रपटांत चमकले, हनुमंताच्या भूमिकेने घराघरांत पोहोचले आणि २००३ साली सन्मानाने राज्यसभेत गेले. ते त्या सन्मानास पात्रच होते. हमीदेच्या वाट्याला मात्र कल्याणात दूध विकणे आले, आणि पैसा सरल्यावर रस्त्याच्या कडेला खाण्याचे पदार्थ विकणे आले. १९८६ साली ती गेली. एकाच पेशातील दोन मल्लांच्या नशिबातील हे अंतर ताकदीचे होते काय?

ठेकेदार आज गेला आहे, असे समजण्याचे कारण नाही. त्याने केवळ कोट बदलला आहे. २०१७ साली हरियाणाच्या कविता दलाल हिने अमेरिकेतील डब्ल्यूडब्ल्यूईच्या रिंगणात पाऊल ठेवले. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारोत्तोलनाचे सुवर्ण मिळविलेली ही मुलगी तेथे सलवार-कमीज घालून उतरली, ही बाब आपणा सर्वांना अभिमानास्पद आहे. विवाहित आणि एका मुलाची आई असलेल्या या स्त्रीने बाजाराच्या गोटात जाऊनही स्वतःची ओळख सोडली नाही. पण तिला तिकडे का जावे लागले? देशासाठी पदक मिळविणाऱ्या मुलीला पटकथेबरहुकूम होणाऱ्या झुंजीत अधिक भवितव्य दिसावे, हा दोष तिचा की आपला? अखेर २०२१ साली त्या कंपनीने करार संपविला. बाजाराचे प्रेम असेच असते!

आता एक आक्षेप, जो पुरोगामी मंडळी हटकून घेतात. आखाड्यात मारुती आहे म्हणून तेथे स्त्री नाही. दोष तुमच्या परंपरेचाच, असे ते म्हणतात. खेदाची गोष्ट अशी की, आपल्यातीलही काही जण हेच तत्त्व उलट्या बाजूने मांडतात. परंपरेत बसत नाही, म्हणून मुलींनी हौद्यात उतरू नये, असे यांचे म्हणणे. दोघांनाही परंपरा ठाऊक नाही. झाशीची राणी बालपणी मल्लखांब आणि घोडेस्वारी शिकली, तेव्हा कोणाचा धर्म बुडाला नाही. १९३६ सालच्या विजयादशमीला वर्ध्यात वंदनीय मावशी केळकर यांनी राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली. त्या काळात मध्यमवर्गीय गृहिणींच्या हाती त्यांनी लाठी दिली. ज्या विचाराने नव्वद वर्षांपूर्वी स्त्रीचे मनगट बळकट व्हावे अशी आकांक्षा धरली, त्या विचाराचे पाईक म्हणविणाऱ्यांनी आज मुलीच्या जोर-बैठकांना नाक मुरडावे, हा करंटेपणा आहे.

आपल्या राज्याचा हिशेबही मांडावा लागेल. महाराष्ट्र केसरी किताबाची लढत १९६१ साली सुरू झाली. महिलांची महाराष्ट्र केसरी सांगलीत प्रथम भरली ती मार्च २०२३ मध्ये! प्रतीक्षा बागडी हिने कल्याणच्या वैष्णवी पाटील हिला हरवून पहिली गदा उचलली. मधली बासष्ट वर्षे आपण काय करीत होतो? ऑलिंपिकमध्ये महिलांची कुस्ती २००४ साली आली, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगाटने सुवर्ण आणले, २०१६ साली रिओत साक्षी मलिकने कांस्य आणले. हरियाणा शेतातल्या मुलींना मॅटवर उतरवीत होता आणि खाशाबा जाधवांचा महाराष्ट्र मल्टिप्लेक्समध्ये ‘दंगल’ पाहून टाळ्या वाजवीत होता.

२०२३ साली जंतरमंतरवर बसलेल्या महिला मल्लांचा विषय टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या आंदोलनाभोवती राजकारण गोळा झाले, हे उघड आहे. आरोपांचा निवाडा न्यायालयाचा आहे; तो ना त्यांनी करावा, ना आपण. परंतु राजकारण शिरले म्हणून मूळ प्रश्न खोटा ठरत नाही. मुलीला शिबिरात पाठविणाऱ्या आईबापांना तेथे स्त्री प्रशिक्षक आहे का, तक्रार कोणाकडे करायची, हे विचारण्याचा हक्क आहे. ज्या संघटना कुटुंबाला समाजाचा पाया मानतात, त्यांनी हा प्रश्न सर्वांआधी विचारायला हवा.

म्हणून आता आपल्या दाराशी येऊ. चारकोप ही म्हाडाने जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८० च्या दशकात आखलेली वसाहत. लालबाग-परळच्या गिरणगावात सातारा-कोल्हापूरकडील कामगारांनी व्यायामशाळा उभ्या केल्या होत्या. गिरण्या बंद पडल्या, माणसे उपनगरांत आली. त्यांच्याबरोबर गणपती आला, भजनी मंडळ आले. तालीम तेवढी मागे राहिली. आज आपली मुलगी नृत्याला जाते, कीबोर्ड शिकते, फार तर कराटेच्या वर्गात बसते. कुस्ती म्हटले की आईच्या कपाळावर आठी: कान सुजतील, अंग आडदांड होईल, लग्न कसे जमेल? ज्या नरसिंग यादवने सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीचा मान मिळविला, तो रुळांच्या पलीकडे कांदिवली पूर्वेच्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात घडला, हे चारकोपच्या किती घरांत ठाऊक आहे?

उत्सवांना आमचा विरोध नाही. पण दहीहंडीच्या एका सायंकाळी उपनगरातील मंडळे जेवढी बक्षिसे उधळतात, त्याचा थोडा अंश बाजूला काढला, तर चार मुलींचा वर्षभराचा दूध-बदामाचा खुराक निघेल. प्रत्येक वसाहतीत एक मॅट, आठवड्यातून चार संध्याकाळी मुलींसाठी राखीव वेळ आणि शिकवायला एक स्त्री प्रशिक्षक, एवढीच ही मागणी आहे. यासाठी शासनादेशाची वाट पाहायची गरज नाही. एक गणेशोत्सव मंडळ आणि दहा जागरूक कुटुंबे पुरेशी आहेत.

हमीदेचे ऋण आता फेडता येणार नाही. तिच्या चित्राला हार घालून तर नाहीच. परंतु उद्या चारकोपच्या एखाद्या घरात बारा वर्षांची धिप्पाड मुलगी शड्डू ठोकून उभी राहिली, तर तिला हसायचे की तिच्यासाठी आखाड्याचे दार उघडायचे, हे ठरविणे आपल्या हाती आहे. ते दार उघडण्याचे काम शाखेत जाणाऱ्या तिच्या काकाने आणि सेविका असलेल्या तिच्या आजीने करावे.